हाताने बसवलेला नट

दाजी, आजवर कुणालाही न सांगितलेली गोष्ट तुम्हाला सांगतो, आणि तीही तुम्ही ऐकू शकत नाही अशा वेळी. तुमच्या गाडीत आपण तापमानाचं मीटर बसवलं, त्याची अर्थिंगची वायर मी पान्याने आवळली नव्हती. तुम्ही तीनदा विचारलंत. तिन्ही वेळा मी "हो" म्हणालो.

तुमचं तेरावं होऊन चार दिवस झाले. मी धारहून देवासला परत आलोय. कॉलेज सुरू आहे. प्रयोगशाळेत मुलं पाणी उकळतात, मी थर्मामीटर मोजून देतो आणि मोजून परत घेतो. घरात कुणाशी बोलत नाही. आधीही फारसा बोलत नव्हतो, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलेलं नाही. तुमच्या आलं असतं. तुम्ही म्हणाला असता, "चार दिवस झाले आणि आज लिहायला बसलास? मधले तीन दिवस कसला विचार चालला होता?" माणूस काय म्हणतो ते तुम्ही नंतर ऐकायचात. तो आत्ताच का म्हणतोय, हे आधी बघायचात.

तुमची माझी पहिली ओळखच संशयाची. ताईच्या लग्नात कानपिळीला मी पुढे आलो, तर तुम्ही आधीच कानावर हात ठेवलेला. "आधी अंगठी काढ," म्हणालात, "कान कापला तर माझ्या आईला काय सांगू?" मांडव हसला. मी सतरा वर्षांचा, लाजून लाल झालो. पण माझ्या बोटात अंगठी होती खरी, आणि तिची एक कड वर आलेली होती. ती तुम्हाला अक्षता पडत असताना दिसली होती.

तुमच्या घराण्यात चाकाची नोकरी पणजोबांपासून. ते आणि आजोबा धार संस्थानच्या मोटारखान्यात होते, वडील कलेक्टर कचेरीच्या जीपवर, आणि तुम्ही तीस-बत्तीस वर्षं सरकारी गाड्यांवर. कुक्षी, मनावर, मांडवचा घाट. इतकी वर्षं साहेबांना मागे बसवून चालवलेल्या माणसाचा कशावर विश्वास बसत नाही, हे मी तुमच्याकडे बघून शिकलो. पेट्रोल पंपावर खाली उतरून आकडे शून्यावर आले की नाही ते बघायचात. दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून थेंब नखावर धरायचात. ताईने स्वयंपाक झाला म्हणून सांगितलं, तरी झाकण उचलून बघायचात. ताई म्हणायची, "यांना देव भेटला ना, तर आधी ओळखपत्र मागतील."

निवृत्तीनंतर तुम्ही ती जुनी डिझेल गाडी घेतलीत, आणि आपला वाद सुरू झाला. तो संपला नाही, आता संपणारही नाही. तुमचं म्हणणं होतं, कंपनीने दिलेला तापमानाचा काटा खोटं बोलतो. इंजिन जरा गरम झालं की तो मधोमध येऊन बसतो, आणि मग आत काहीही होवो, हलत नाही. "सरकारी उत्तर आहे ते," तुम्ही म्हणायचात. "काहीही विचारा, सब ठीक है." मी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतला माणूस. तुमचं बरोबर आहे हे मला ठाऊक होतं, तरी मी भांडायचो. लाखो गाड्या याच काट्यावर चालतात, म्हणायचो. तुम्ही म्हणायचात, म्हणूनच लाखो मिस्त्री जेवतात.

शेवटी आकडे दाखवणारं वेगळं मीटर बसवायचं ठरलं. ते राधेश्याम भियाने आणून दिलं.

राधेश्याम भिया, धारच्या चौकातला गाड्यांची वायरिंग करणारा. जगात ज्याच्यावर तुम्ही संशय घेतला नाहीत असा एकच माणूस मला माहीत होता, तो हा. त्याने दिलेल्या मालाची पुडी तुम्ही उघडून बघत नव्हता. तो तुम्हाला उस्ताद म्हणायचा, कारण जीपची वायरिंग त्याला तुम्ही शिकवलीत. आणि दर खंडेनवमीला तो तुमच्याकडे यायचा, आपला टेस्टर आणि पक्कड धुऊन-पुसून घेऊन. आपल्या घरातल्या पाटावर, तुमच्या पान्यांच्या शेजारी, त्याच्या त्या दोन वस्तूंची जागा होती. ताई त्यांनाही हळद-कुंकू लावायची. तो मालवी माणूस, आपण मराठी. मी एकदा विचारलं होतं, बाहेरच्याची हत्यारं आपल्या पाटावर कशी. तुम्ही म्हणालात, हत्यार बाहेरचं नसतं.

चार वर्षांपूर्वीची ती नवमी. मी आदल्या दिवशी देवासहून आलो होतो, खिशात रुमालात गुंडाळलेला कॉलेजचा थर्मामीटर घेऊन, तुमच्या मीटरची परीक्षा घ्यायला. अष्टमीला राधेश्यामने डॅशबोर्डखालचं काम करून दिलं. मीटर स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला बसलं, वायर रबराच्या भोकातून इंजिनापर्यंत आली. पुढचं काम तुम्हाला स्वतः करायचं होतं. नवमीच्या सकाळी आपण दोघं बॉनेट उघडून उभे राहिलो.

रेडिएटरचं पाणी काढलं. त्यासाठी तुम्ही ताईचं घंगाळ उचलून आणलंत, आणि ती ओट्यावरून म्हणाली, त्यात आज देवाचं पाणी तापणार होतं. मग रेडिएटरच्या वरच्या बाजूचा रबरी पाईप मधोमध कापला. कापायच्या आधी तुम्ही तीनदा मापलंत, आणि माझ्याकडून चौथ्यांदा मापून घेतलंत. दोन तुकड्यांच्या मध्ये धातूची नळी घातली, नळीत सेन्सर बसवला, दोन्हीकडे पट्ट्या आवळल्या. राहिली एकच गोष्ट. ती नळी दोन्ही अंगांनी रबरात, इंजिनाच्या लोखंडाला कुठेच शिवत नाही. म्हणून तिच्यापासून इंजिनापर्यंत एक वेगळी वायर न्यावी लागते, अर्थिंगची. टोकाला कडी, ती इंजिनावरच्या बोल्टवर चढवायची आणि वरून नट. दहा नंबरचा पाना, दोन आटे, संपलं.

तेवढ्यात ताई ताट घेऊन आली. बारा वाजत आले होते. पूजेची वेळ झाली, हत्यारं द्या.

मी म्हणालो, दोन मिनिटं. तुम्ही नाही म्हणालात. तुमच्या पणजोबांपासूनचा नियम: नवमीला हत्यारं एकदा पाटाकडे निघाली की दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. मोटारखान्यात म्हणे राजाची गाडीसुद्धा त्या दिवशी तशीच उभी राहायची. ज्या माणसाचा देवाच्या पुजाऱ्यावर विश्वास नव्हता, तो माणूस एका पान्याच्या पूजेपुढे वाकायचा. मला तेव्हा गंमत वाटली. ताई पाने गोळा करून घेऊन गेली. तुम्ही आंघोळीला निघालात आणि जाता जाता म्हणालात, "हाताने बसेल तेवढा बसव. उद्या हत्यारं उठली की पाना मार. विसरशील."

विसरशील का, असं नाही विचारलंत. विसरशील, असं म्हणालात.

मी नट चिमटीने फिरवला. बरा बसला.

त्या दुपारी पंगतीला तुमचे कचेरीतले जुने सोबती होते, राधेश्याम होता. श्रीखंड वाढताना कुणीतरी मला विचारलं, काय करता. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "आमचे मेहुणे प्रयोगशाळेत असतात. रोज पाणी उकळतात. पण त्यांनी उकळलेल्या पाण्यातसुद्धा मी बोट घालून बघतो, उकळलं का." सगळे हसले. मीही हसलो. राधेश्याम तेवढा हसला नाही. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "भिया, उस्ताद जिसको जादा टोके, उसको जादा माने." मला ते तेव्हा पटलं नाही. वीस-पंचवीस वर्षं मी तुमच्या तपासणीखाली होतो, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ते आत टोचलं.

दसऱ्याला सकाळी हत्यारं उठली. तुम्ही फेटा बांधत होतात. विचारलंत, नट आवळला का. मी म्हणालो, हो. खरं तर मी तेव्हा झेंडूची माळ बॉनेटवर बांधत होतो, पाना माझ्यापासून चार पावलांवर होता. थोड्या वेळाने पुन्हा विचारलंत. पुन्हा हो. तिसऱ्यांदा गाडीत बसताना. तेव्हा मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, "दाजी, एकदा तरी माझं ऐका." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. बॉनेटकडे हात गेला होता तुमचा. तो तुम्ही मागे घेतलात.

बॉनेट उघडलं असतंत तर. मी रोज तिथेच येऊन थांबतो. तोवरच्या आयुष्यात एकदाच तुम्ही माझं काम न तपासता गाडी सुरू केलीत.

आपण सीमोल्लंघनाला मांडवच्या रस्त्याला गेलो. ताई मागे, मांडीवर आपट्याची पानं. मीटर झकास चाललं. परत आल्यावर मी थर्मामीटर रेडिएटरच्या तोंडात धरला. तो ब्याऐंशी म्हणाला, तुमचं मीटरही ब्याऐंशी. तुम्ही इतके खूश झालात की मला सोनं देताना मिठी मारलीत. मी मनात म्हटलं, बघा, हाताने बसवलेला नटसुद्धा बरोबर आकडा दाखवतो. मग पाना कशाला. मला ठाऊक होतं पाना कशाला. इंजिन थरथरतं, नट सैल होत जातो, कडीखाली धूळ शिरते. अशी वायर सैल झाली की मीटर बंद पडत नाही, कमी दाखवायला लागतं. इंजिन तापत जातं आणि मीटर आपलं ऐंशी सांगत राहतं. हे मी मुलांना फळ्यावर शिकवतो, दाजी.

दिवाळीत आठवलं. एकदा फोन हातात घेतला होता, सांगावं म्हणून. मग तुमचं "विसरशील" आठवलं आणि फोन खाली ठेवला.

मार्गशीर्षात तुम्ही आणि ताई खातेगांवला साखरपुड्याला गेलात. परतताना सरळ रस्ता सोडून उदयनगरकडून निघालात, जुन्या नोकरीतलं जंगल ताईला दाखवायला. घाटात पंख्याचा पट्टा सरकत होता. तुम्हाला वास आला. तुम्ही मीटर बघितलंत. ऐंशी. मग तुम्ही, जन्मभर नाकावर आणि हातावर विश्वास ठेवणारा माणूस, आपल्याच नाकावर संशय घेतलात. हे तुम्ही मला नंतर सांगितलंत, आणि किती शांतपणे सांगितलंत. "म्हटलं, वय झालं. नाक चुकत असेल. मीटर तर आपण दोघांनी बसवलंय." वळणावर बॉनेटखालून पांढरी वाफ निघाली आणि इंजिन जागच्या जागी अडकलं. चार तास तुम्ही दोघं रस्त्याकडेला बसलात. ताईची साखर उतरली. कुण्या बाईने गुळाचा खडा दिला म्हणून निभावलं. त्या बाईचं नाव ताईने विचारलं नाही. ती अजून त्याबद्दल हळहळते.

देवास जवळचं, म्हणून गाडी पिकअपवर चढवून माझ्या अंगणात आणलीत. तुम्ही दोघं रात्री आमच्याकडे राहिलात. सकाळी तुम्ही आंघोळीला गेलात आणि मी बॉनेट उघडलं.

नट दोन बोटांनी फिरला. कडी बोल्टवर डुलत होती, तिच्याखाली मातीचा पापुद्रा.

बाथरूममध्ये बादलीत पाणी पडायचा आवाज येत होता. तुम्ही स्तोत्र म्हणत होतात. माझ्याजवळ तेवढाच वेळ होता, आणि त्या वेळात मी दोनपैकी एक गोष्ट करू शकत होतो. मी डिकीतून तुमचा हत्यारांचा पट्टा काढला. ताईने शिवलेला, प्रत्येक पान्याला वेगळा कप्पा असलेला. दहा नंबरचा पाना काढून कडीखालची धूळ कापडाने पुसली आणि नट आवळला. दोन आटे. दसऱ्याला चार पावलांवर होतं ते काम. मग पाण्याचा आवाज थांबला, म्हणून पट्टा घाईने गुंडाळून ठेवला. पाना माझ्याच खिशात राहिला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, आणि मला भीती आहे ती हीच की सगळंच माहीत असेल.

तुम्ही राधेश्यामला बोलावलंत. रविवारी तो धारहून बसने आला, हातात टेस्टरची थैली. त्याने सेन्सर काढला, आमच्या चुलीवरच्या उकळत्या पाण्यात धरला, वायरी जोडल्या. मीटर नव्वदीच्या पुढे गेलं, बरोबर जिथे जायला हवं तिथे. तो म्हणाला, सेन्सरमध्ये खोट नाही, अर्थिंग ढिली राहिली असेल. तुम्ही वाकून तो नट चिमटीत धरलात. हलला नाही. पान्याशिवाय हलणारच नव्हता. तुम्ही माझ्याकडे वळून विचारलंत, "तू हा आवळला होतास ना?"

मी म्हणालो, "हो, दसऱ्यालाच."

तेव्हा तुम्ही राधेश्यामकडे वळलात. आवाज चढवला नाहीत. "आज बरोबर, घाटात खोटं. म्हणजे सेन्सर जुना, कुठल्या तरी गाडीतून काढलेला. इतने साल में पेली बार तूने मेरे को पुराना माल दिया. माझी बायको जंगलात बसली होती. आज के बाद मेरी देहरी मत चढ़ना."

मला वाटलं तो भांडेल. त्याने थैली आवरली. सेन्सर कोरड्या फडक्याने पुसून जागच्या जागी बसवला, वायर नीट बांधली, हात धुतले. चहा घेतला नाही. मी त्याला स्कूटरवर बसस्टँडला सोडायला गेलो. बस आली, पायरीवर पाय ठेवून तो म्हणाला, "भिया, बाकी सब नट पे धूल थी. वो एक नट चमक रिया था."

आणि आत जाऊन बसला. खिडकीतून बघितलंही नाही.

त्याने तुम्हाला का नाही सांगितलं, हे मला आजही कळलेलं नाही. माझ्याच अंगणात, सगळ्यांसमोर, माझ्या तोंडावर सांगता आलं असतं. कदाचित त्याला वाटलं असेल, सांगायचं ते मी सांगेन. बाजारात तुम्ही जे सांगायचं ते सांगितलंत, आणि धारमध्ये कचेरीच्या ड्रायव्हरांत तुमचा शब्द म्हणजे शब्द. सरकारी जीपा त्याच्या दुकानावरून पुढे जायला लागल्या. वर्षभराने त्याने चौक सोडला. आता बायपासला पंक्चरवाल्याच्या शेजारी त्याची टपरी आहे. मी धारला येताना त्या बाजूने येत नाही. लांबचा फेरा पडतो, तरी.

इंजिन पुन्हा बांधलं गेलं. मीटर तेच राहिलं, राधेश्यामचा तोच "जुना" सेन्सर. चार वर्षांत एकदाही चुकला नाही. दाजी, हे तुमच्या लक्षात आलं नसेल? दुधाच्या थेंबात पाणी ओळखणाऱ्या माणसाच्या?

माझा संशय इथून सुरू होतो, आणि तुम्ही मला तो शिकवलात, तेव्हा ऐका. त्या दिवसानंतर तुम्ही माझं काम तपासणं थांबवलंत. एकदम. मी गॅसची टाकी बदलली, तुम्ही नाक पुढे केलं नाहीत. मी ताईच्या औषधांची चिठ्ठी वाचून दाखवली, तुम्ही चष्मा मागितला नाहीत. मला आधी वाटलं, विश्वास बसला. मग वाटलं, जिथून काही निघायची आशा नाही तिथे माणूस हात घालत नाही.

आणि तो पाना. मी पुढच्या खंडेनवमीला आलो तेव्हा तो परत ठेवायचा म्हणून खिशात घेऊन आलो होतो. तुम्ही पाटावर पाने मांडत होतात. सहा, आठ. मग बोटभर जागा सोडलीत. मग बारा, चौदा. पलीकडे राधेश्यामच्या टेस्टर-पकडीची जागाही मोकळी. ताईने विचारलं, दहाचा कुठे गेला. तुम्ही म्हणालात, "येईल." माझ्याकडे बघितलं नाहीत. माझा हात खिशात होता, पाना मुठीत. मी तो बाहेर काढला नाही. पुढच्या वर्षीही तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही. बाजारात दहा नंबरचा पाना कुठेही मिळतो. एका वॉशरसाठी इंदूरला जाणारा माणूस चार वर्षं दहाच्या पान्याशिवाय काम करत राहिला.

तर मग तुम्हाला ठाऊक होतं का? असेल तर राधेश्यामला चार वर्षं दाराबाहेर का ठेवलंत? बायकोच्या भावाचं नाव राखायला? मी स्वतः येऊन सांगावं म्हणून वाट बघत होतात, आणि तोवर त्याला उन्हात उभं केलंत? मला तुमच्याशी यावर भांडायचं आहे. पण हा संशय माझ्या फार सोयीचा आहे. तो खरा धरला की अर्धी चूक तुमच्याकडे जाते आणि मला रात्री झोप लागते. सोयीच्या गोष्टीकडे आधी संशयाने बघावं, हेही तुम्हीच सांगितलेलं. म्हणून मी ठरवलंय की तुम्हाला ठाऊक नव्हतं. तुम्ही एका माणसाचा शब्द खरा मानलात, आणि तो माणूस मी होतो.

इंदूरच्या दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, ताई डबा धुवायला गेली होती. तुम्ही छताकडे बघत विचारलंत, "राधेश्याम भेटतो का कधी?" मी म्हणालो, नाही. तुम्ही "हं" म्हणालात. मी खुर्ची पुढे सरकवली, तोंड उघडलं. नळीतून थेंब पडत होते. मी ते मोजत बसलो. ताई आली. तुम्ही तिला म्हणालात, "याला चहा दे, याचा घसा सुकलाय."

तुमच्याबद्दल लिहायला बसलो आणि सगळं माझंच लिहितोय. बाबा गेले तेव्हा माझ्या नोकरीच्या अर्जाचा प्रत्येक कागद तुम्ही उजेडात धरून बघितला होतात. एका दाखल्यावरचं माझं नाव चुकलेलं तुम्हीच पकडलंत, नाहीतर ती नोकरी गेली होती. हिंदी शाळेत शिकलो म्हणून माझं मराठी मोडकं. मी ताईला पाठवलेली पत्रं तुम्ही लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवायचात. खाली लिहायचात: मजकूर बरा आहे, भाषा तपासून पाहावी. मला राग यायचा. आज हे सगळं मराठीत लिहितोय ते त्या लाल शाईमुळे. तुम्ही तपासलंत ते ते टिकलं. मी ते अपमान म्हणून जमा करत राहिलो.

तुम्हाला नेलं त्या दिवशी राधेश्याम आला होता. आपल्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, हातात हेल्मेट धरून उभा. देहरी चढला नाही, उंबरठ्याजवळही आला नाही. तुमचा शब्द त्याने तुम्ही नसतानाही पाळला. तिरडी उचलली तशी तो चार पावलांचं अंतर ठेवून मागून चालत आला, घाटावर भिंतीशी उभा राहिला आणि सगळे पांगायच्या आधी निघून गेला. ताईने खिडकीतून त्याला बघितलं होतं. म्हणाली, "शेवटपर्यंत माफ नाही केलं रे यांनी त्याला. इतका वाईट होता का तो?" मी तिच्या शेजारी उभा होतो.

तेराव्याला निघताना तिने मला तुमच्या हत्यारांचा पट्टा दिला. "हा तुला द्यायला सांगितलाय त्यांनी. दिवाळीनंतरच सांगून ठेवलं होतं." मी गाडीत बसून तो उघडला. प्रत्येक पाना पुसलेला, तेल लावलेलं. दहाचा कप्पा रिकामा, पण त्याची उसवलेली शिवण नव्या दोऱ्याने घातलेली. गाडीच्या दाराशी उभ्या ताईला विचारलं, कधी शिवलंस. ती म्हणाली, मी नाही शिवलं.

मी गाडी सुरू केली. तुमचीच गाडी, ताईने मला देवासला न्यायला सांगितलेली. देवासपर्यंत मीटर ब्याऐंशी ते अठ्ठ्याऐंशीच्या मध्ये राहिलं. दोनदा थांबून मी रेडिएटरच्या पाईपवर हात ठेवून बघितला. बरोबर होतं.

पाना आता टेबलावर, या कागदांशेजारी आहे. कप्प्यात ठेवलेला नाही. मी राधेश्यामचं एक वाक्य देणं लागतो, ताईला सोबत घेऊन, त्याच्या टपरीवर, त्याच्या तोंडावर: नट मी आवळला नव्हता, आणि तुझा सेन्सर चांगला होता. येत्या खंडेनवमीला त्याचा टेस्टर पाटावर परत यायला हवा, आणि तो आणायला मला जायचं आहे. अजून गेलेलो नाही.